बालगुन्हेगारी : औषध कडू हवे की गुणकारी?

गावात मोटारसायकल चोरीला जाते आणि चार दिवसांनी चोर म्हणून सोळा-सतरा वर्षांची दोन पोरे सापडतात. मग कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. ‘कायदाच नेभळट आहे, मिसरूड फुटलेल्यांना बालक म्हणतात,’ असे एक जण म्हणतो. ‘अहो, पोरं आहेत, दोन ठेवून द्या आणि सोडा,’ असे दुसऱ्याचे मत. वाद रंगतो, चहा संपतो आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात. ती दोन पोरे आणखी दोन वर्षांनी कुठे असतील, हे मात्र कुणीच विचारत नाही.

आरोग्याच्या सदरात हा कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, पोलीस ठाण्यापर्यंत जाणारी मुलांची वाट बहुधा आमच्याच प्रांतातून जाते. तंबाखू-दारूची लवकर लागलेली सवय, व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे, घरातली मारहाण, न ओळखलेला वाचनदोष आणि त्यामुळे सुटलेली शाळा, उपचार न झालेला मनाचा आजार या साऱ्या आरोग्याच्याच गोष्टी. दुसरे कारण असे की, एखाद्या उपायाने गुण आला की नाही हे ठरवण्याची रीत वैद्यकशास्त्राने घासून-पुसून तयार केली आहे. ती न्यायालयांच्या सुधारणांनाही लावता येते, आणि जगात काही ठिकाणी लावलीही गेली आहे. औषध कडू आहे म्हणून गुणकारी ठरत नाही आणि गोड आहे म्हणूनही ठरत नाही. रोगी बरा झाला का आणि रोग उलटला का, एवढेच पाहायचे असते.

कायदा इथवर कसा आला

मुलांसाठी वेगळे न्यायालय ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ मध्ये असे पहिले न्यायालय सुरू झाले. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठी कायदा झाला. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, त्याच जागेत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. लोक त्याला आजही ‘रिमांड होम’ म्हणतात. तुरुंगाच्या जागी मुलांचे गृह, यातच कायद्याच्या प्रवासाची दिशा दिसते.

देशभरासाठी बाल न्याय अधिनियम १९८६ मध्ये आला. त्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा १६ होती आणि मुलींसाठी १८. सन २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ वर्षांची मर्यादा लावली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अमानुष प्रकारातील सहा आरोपींपैकी एक जण अठरा वर्षांच्या आतला होता आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येत होते. देश संतापला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मधील अहवालात वय खाली आणू नये असेच मत दिले होते. तरीही २०१५ च्या अखेरीस नवा कायदा संमत झाला आणि जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा आणि मुलाचे वय सोळा ते अठरा असेल, तर बाल न्याय मंडळ त्याच्या समजेची प्राथमिक पारख करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

या बदलाने लोकांचा राग काहीसा शमला असेल. पण राग शमणे आणि रोग शमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्दीचा धडा

सर्दी औषधाने सात दिवसांत बरी होते आणि औषध न घेतल्यास आठवड्यात, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. सर्दी मुळात आपोआप बरी होणारी असल्याने कुणाचाही काढा गुणकारी वाटतो. बालगुन्हेगारीचेही पुष्कळसे तसेच आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग संशोधक आजतागायत घेत आले आहेत. त्या अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडले की, किशोरवयात आडवाटेला लागलेली बहुतेक मुले वय वाढते तशी स्वतःच वळणावर येतात. लहानपणापासून मोठेपणापर्यंत गुन्ह्यांच्या वाटेवरच राहणारी मुले थोडी असतात.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. परिणामांचा विचार करून हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता पक्व होतो. सोळा वर्षांच्या मुलाला चांगले-वाईट कळत नाही असा याचा अर्थ नव्हे, त्याला ते चांगले कळते. पण चार मित्र पाहत असले की कळलेले वळत नाही. अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मोटार चालवण्याच्या संगणकीय खेळात हेच दाखवले. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. मोठी माणसे मात्र तशीच सावध राहिली.

यातून दोन धडे मिळतात. बहुतेक मुले सुधारण्याजोगी असतात, हा पहिला. दुसरा असा की, नुसते ‘आमच्याकडून गेलेली मुले सुधारली’ हे कोणत्याही संस्थेचे म्हणणे पुरावा म्हणून चालत नाही. ती एरवीही सुधारली असती काय, हे पाहायला हवे. त्यासाठी सारख्याच मुलांच्या दोन गटांना वेगवेगळे उपाय देऊन तुलना करावी लागते.

तुलना केली तेव्हा काय दिसले?

पहिला उपाय धाकाचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेऊन जन्मठेपेचे कैदी त्यांना तुरुंगातील भीषण हकिगती ऐकवू लागले. लोकांना हा उपाय अतिशय पसंत पडला, त्यावर चित्रपट निघाला आणि ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले. पुढे नऊ काटेकोर प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले. औषधाने रोग वाढवला होता. ‘एकदा लॉकअप दाखवा, सरळ होईल’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा उपाय मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवण्याचा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये या विषयावरील अभ्यास तपासले. गोवर-क्षयाची आकडेवारी ठेवणाऱ्या या केंद्राने बालगुन्हेगारीत लक्ष घालावे, यातच हा आरोग्याचा प्रश्न असल्याची कबुली आहे. प्रौढांच्या न्यायालयात पाठवलेली मुले, मुलांच्या न्यायालयात ठेवलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत, पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होते. या उपायाने हिंसा घटवायची असेल तर तो करू नये, अशी शिफारस त्या गटाने केली.

तिसरा उपाय कोंडून ठेवण्याचा. शिकागोत मुलांची प्रकरणे न्यायाधीशांकडे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखी वाटली जात. कुणाला कडक न्यायाधीश मिळे, कुणाला सौम्य. एझर आणि डॉयल या अर्थशास्त्रज्ञांनी याचा फायदा घेऊन दहा वर्षांतील ३५ हजारांवर मुलांचा मागोवा घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ न्यायाधीश कडक मिळाला म्हणून ज्यांना कोंडले गेले, त्यांच्यात शाळा पूर्ण करणारे शंभरांमागे १३ ने कमी झाले आणि मोठेपणी तुरुंगात जाणारे शंभरांमागे २३ ने वाढले. कारण समजायला अवघड नाही. दोन-चार महिने शाळा सुटलेले पोर परत वर्गात बसत नाही आणि कोठडीत जे नवे मित्र जोडते ते अभ्यासातले नसतात.

चौथा उपाय कोर्टाची पायरी न चढवण्याचा. किरकोळ गुन्ह्यातील मुलाला समज देऊन, समुपदेशनाची सोय लावून बाहेरच्या बाहेर वळवायचे. २९ प्रयोग आणि सात हजारांवर मुले यांचा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. रीतसर खटल्यातून गेलेल्या मुलांचे गुन्हे कमी झालेले दिसले नाहीत, उलट किंचित वाढलेलेच दिसले. मुलाला बाहेर वळवताना काही मदतही दिली होती, तिथे फरक अधिक जाणवला.

न्यूझीलंडने १९८९ मध्ये आणखी एक वाट धरली. माओरी लोकांच्या परंपरेचा आधार घेऊन त्यांनी कुटुंब-बैठक सुरू केली. मुलगा, त्याचे घरचे, नातलग, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस एकत्र बसून भरपाई काय करायची हे ठरवतात. आपल्याकडे भावकी बसते तसेच, पण कायद्याच्या देखरेखीखाली. तिथल्या पाहणीत असे आढळले की, ज्या मुलांना निर्णयात सामावून घेतले, ज्यांना खरोखर वाईट वाटले आणि चारचौघांत ज्यांची छी-थू झाली नाही, ती मुले पुन्हा कमी घसरली. ही पाहणी आधीच्या प्रयोगांइतकी काटेकोर नाही, हेही सांगायला हवे. पण या बैठकीत नुकसान झालेल्या माणसाला बोलायला मिळते. आपल्या पद्धतीत त्याला कुणी काही सांगतही नाही.

अमेरिका म्हणजे भारत नव्हे, हे खरे. तिथली बंदुकांची संस्कृती वेगळी, तिथले वर्णभेदाचे दुखणे वेगळे. तिथले आकडे जसेच्या तसे इथे चिकटवता येणार नाहीत. पण दुसऱ्या गावात ज्या औषधाने रोगी दगावले, ते आपण निदान तपासून तरी घ्यावे.

आमच्या कायद्याचे काय?

कागदावर आमचा कायदा या साऱ्या शहाणपणाच्या पुष्कळ जवळ आहे. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतील एक स्त्री असावी लागते. मुलाला पोलीस कोठडीत ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन, शाळा, सोबती, व्यसन, घरची स्थिती पाहून दोन आठवड्यांत अहवाल द्यायचा. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठवणे असे पर्याय मंडळापुढे असतात. चौकशी चार महिन्यांत संपवायची आणि अगदीच अडले तर दोन महिने आणखी. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यातही संपली नाही तर प्रकरण बंद करायचे.

प्रत्यक्षात अहवाल वेळेवर आला नाही तर मंडळ आंधळेपणाने निर्णय घेते. दोन आठवड्यांचा अहवाल म्हणजे आमच्या भाषेत रक्त-लघवीची तपासणी. ती न करता गोळी लिहून देणारा डॉक्टर आपल्याला चालेल काय? इंडिया जस्टिस रिपोर्ट या अभ्यासगटाने माहितीच्या अधिकारात मिळालेल्या माहितीवरून २०२५ मध्ये दाखवले की, देशातील ज्या मंडळांनी माहिती दिली त्यांच्याकडची निम्म्याहून अधिक प्रकरणे निकालाविना पडून होती. सोळाव्या वर्षी केलेल्या चुकीचा निकाल विसाव्या वर्षी लागला तर शिकायचे काय आणि कुणी?

पुण्यात मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला आणि मंडळाने ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन दिला, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला. खवळण्यासारखेच होते. दोन घरांतली कर्ती मुले गेली आणि बदल्यात निबंध, हे कुणाच्याही पोटात ढवळणारे आहे. पण त्या गदारोळात ‘निबंध की तुरुंग’ एवढाच वाद उरला. त्याच आदेशात दारू सोडवण्यासाठी समुपदेशनाचीही अट होती, ती कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. अल्पवयीन मुलांना दारू विकतो कोण, गाडीची किल्ली देतो कोण, हे प्रश्नही चार दिवसांत मागे पडले.

सोळा ते अठरा वयाच्या मुलाच्या समजेची पारख हे तर थेट आमचे क्षेत्र. गुन्हा घडून गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तासभर बोलून त्या क्षणी मुलाच्या मनात काय होते, हे नेमके सांगता येईल असे कोणतेही यंत्र वैद्यकाकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे काम नाजूक असल्याचे बजावले आणि मंडळात मुलांच्या मनाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सांगितले. लहान जिल्ह्यांत बालमानसतज्ज्ञ शोधावा लागतो, मग ही पारख होते कशी, हा साधा प्रश्न आहे.

वय ठरवण्याचेही तेच. जन्माचा शाळेतला किंवा नगरपालिका-ग्रामपंचायतीचा दाखला नसेल तर मनगट-कोपराचे एक्स-रे काढून हाडांवरून वय काढतात. त्यात दोन वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. सोळा, अठरा आणि वीस यांतले अंतरच त्यात बुडून जाते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लावलेली १ जून ही तारीख पुढे एखाद्या मुलाचे सारे आयुष्य ठरवू शकते, हे पालकांनी विसरू नये.

मोजायचे काय?

काही मुले खरोखर धोकादायक असतात आणि त्यांना काही काळ वेगळे ठेवावेच लागते. शस्त्रक्रियेला पर्याय नसतो तेव्हा ती करावीच लागते. पण प्रत्येक पोटदुखीवर पोट फाडणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, शिक्षा वाढवा किंवा कमी करा, त्याआधी मोजायला शिका. ‘किती मुले पकडली, किती प्रकरणे निकाली काढली’ हे आकडे म्हणजे दवाखान्यात किती चिठ्ठ्या फाडल्या याची नोंद. रोगी बरे किती झाले, ते त्यातून कळत नाही.

प्रत्येक जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाने मुलांची नावे पूर्ण गुप्त ठेवून वर्षातून एकदा चार गोष्टी जाहीर कराव्यात :

१. दोन वर्षांपूर्वी ज्यांचा निकाल लागला त्यांतील किती मुले पुन्हा गुन्ह्यात सापडली? समुपदेशन, देखरेख आणि विशेष गृह यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

२. किती मुले शाळेत किंवा कामधंद्यात परतली?

३. किती मुलांची व्यसन व मनाच्या आजारासाठी तपासणी झाली आणि किती जणांचे उपचार पूर्ण झाले?

४. किती प्रकरणांत परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मुदतीत आला?

यासाठी नवा कायदा नको की मोठा निधी नको. एक वही, एक जबाबदार कारकून आणि दरवर्षी विचारणारे लोक एवढे पुरे. मोटारसायकल चोरणाऱ्या पोराचे दोन वर्षांनी काय झाले, याचे उत्तर त्या वहीत मिळेल. ज्याची मोटारसायकल गेली त्यालाही हेच उत्तर उपयोगी, कारण पोर सुधारले नाही तर पुढची गाडी कुणाची जाईल हे सांगता येत नाही.

आपल्या हातात काय आहे?

पकडल्या जाणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले आई-वडिलांजवळच राहणारी असतात. म्हणजे पहिली तपासणी घरातच व्हायला हवी. शाळेतून वारंवार दांडी, अंगाला सोल्यूशनचा किंवा रंगाचा वास, लाल डोळे, नाकाभोवती पुरळ, हिशेब न लागणारे पैसे, एकाएकी बदललेले सोबती यांतले दोन-तीन एकदम दिसले तर मारू नका, डॉक्टरांना दाखवा. माराने व्यसन सुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही, मुले घर मात्र सोडतात.

मुलाला पोलिसांनी नेलेच तर लपून बसू नका, वकिलाची फी नाही म्हणून गप्पही राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला बरोबर न्या. मुलाला फिट येत असेल, डोक्याला पूर्वी मार लागला असेल, मनाच्या आजारावर गोळ्या चालू असतील तर कागदपत्रांसह मंडळाला सांगा.

टपरीवाल्यांसाठीही दोन शब्द. मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांसाठी कडक कायदा मागणाऱ्या मंडळींनी हा आधीच असलेला कडक कायदा आपल्या चौकात लागू होतो का, ते पाहावे.

शेवटची गोष्ट वाचकांसाठी. पकडलेल्या मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणे किंवा मोबाइलवरून पसरवणे हा ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. नियम केवळ दयेपोटी केलेला नाही. ‘चोर’ म्हणून चारचौघांत शिक्का बसलेल्या मुलाला शाळा घेत नाही, गॅरेजवाला कामावर ठेवत नाही. मग त्याला जवळ करायला एकच टोळके उरते. तो फोटो पुढे ढकलण्याआधी एवढा विचार करा.